भावाची बोटं, कोर्टाच्या तारखा आणि ‘एकदाच हिशेब चुकता’

प्रश्न थोडक्यात असा आलाय. भांडुपला चाळीत राहणारी फॅमिली, पार्किंगवरून भांडण झालं आणि गल्लीतल्याच तिघांनी धाकट्या भावावर कोयता चालवला, उजव्या हाताची दोन बोटं गेली. भाऊ एसी रिपेअरिंगची कामं करायचा. बीएनएस, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम १०९ (खुनाचा प्रयत्न) आणि ११८(२) (धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत) लागलंय, चार्जशीट दाखल झालंय, आणि चार महिन्यांत तिघांनाही जामीन मिळाला. आता त्यातला एक रोज संध्याकाळी चाळीसमोरून बाईक घेऊन जातो, हॉर्न मारतो आणि हसत हसत दोन बोटं दाखवतो. मोठा भाऊ विचारतोय, "मॅडम, मित्र म्हणतायत पोरं उभी करू, एकदाच हिशेब चुकता करू. यात चूक काय आहे? सगळे हक्क आरोपीलाच असतात, आमचे काही आहेत की नाही?"

मी मुंबईच्या सेशन्स कोर्टात वीस-बावीस वर्षं प्रॅक्टिस करतेय, त्यातली पहिली सात-आठ वर्षं आरोपीच्या बाजूने आणि नंतर बहुतेक फिर्यादी आणि पीडितांच्या बाजूने, त्यामुळे दोन्हीकडच्या बाकावर बसून झालंय. राग आवरा, देव बघून घेईल, असलं काही मी तुम्हाला सांगणार नाही. ती दोन बोटं बघून ज्याचं रक्त तापणार नाही तो माणूसच नाही. सूड घ्यावासा वाटणं यात मला काहीही पाप दिसत नाही, उलट भावासाठी काहीच वाटलं नसतं तर मला जास्त काळजी वाटली असती. वाटणं वेगळं आणि मुलं गोळा करणं वेगळं, मी बोलतेय ते दुसऱ्याबद्दल.

आधी एक गोष्ट जी कुणी नीट सांगत नाही. बीएनएसएस, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, त्याच्या कलम २ मध्ये ‘पीडित’ कोण याची व्याख्या आहे, आरोपीच्या कृत्यामुळे ज्याचं नुकसान झालं किंवा ज्याला इजा झाली तो, आणि त्याचा पालक किंवा कायदेशीर वारसही. त्या व्याख्येत कुठेही लिहिलेलं नाही की पीडित चांगला माणूस पाहिजे. म्हणजे आज तुमचा भाऊ पीडित आहे, आणि ज्या संध्याकाळी तुमची पोरं त्या बाईकवाल्याचा पाय मोडतील त्या संध्याकाळपासून तो पीडित आहे आणि तुम्ही आरोपी. पुढे मी जे जे हक्क सांगणार आहे ते सगळे त्याला मिळतील, तुमच्या जामिनाला विरोध करायला तो वकील उभा करेल, नुकसानभरपाई मागेल, तुम्ही सुटलात तर अपील करेल. तुमच्या हातातली खुर्ची तुम्ही स्वतः उचलून त्याला नेऊन द्याल.

हे पुस्तकी वाटत असेल तर एक केस सांगते, माझीच, जुनी, आयपीसीच्या म्हणजे जुन्या दंडसंहितेच्या काळातली. मध्य मुंबईतली फॅमिली, मुलाच्या डोक्यात रॉड घातला होता, ३२६ ची, म्हणजे हत्याराने गंभीर दुखापतीची व्यवस्थित केस, मेडिकल भक्कम, दोन शेजारी साक्षीदार एकदम पक्के. मी फिर्यादीकडून. तारखा पडत होत्या, त्याला नऊएक महिने झाले असतील, आणि एक दिवस मुलाच्या काकाने दोन मित्र घेऊन आरोपीला नाक्यावर गाठलं आणि हात मोडला. समाधान किती वेळ टिकलं म्हणाल तर पोलीस घरी येईपर्यंत. क्रॉस केस झाली, म्हणजे आरोपीची उलटी फिर्याद. आणि मग जे होतं तेच झालं, समोरच्या वकिलाने चहाच्या टपरीवर मला हसत विचारलं, मॅडम, आता मिटवायला बसायचं का? काका सरकारी नोकरीत, अटक झाली म्हणून सस्पेंड, घरात त्याच्या दोन मुली. शेवटी हायकोर्टात दोन्ही एफआयआर आपसांत मिटवून कन्सेंटने क्वॅश, म्हणजे रद्द झाल्या. रॉड खाल्लेल्या मुलाला अजून चक्कर येते, आणि त्याच्या डोक्याची किंमत काय ठरली, तर काकाची नोकरी वाचली. मी स्वतः त्या कन्सेंट ॲफिडेविटचा ड्राफ्ट केला होता, आजही त्या मुलाची आई दिसली की मी रस्ता बदलते.

सूड म्हणजे आरोपीला फुकट मिळालेलं नाणं असतं. आत्ता त्याच्याकडे तुमच्याशी सौदा करायला काही नाहीये, तुमची केस एकतर्फी आहे. म्हणून तर तो हॉर्न मारतोय, बोटं दाखवतोय! तो काही येडा नाही, त्याला कुणीतरी शिकवलंय की यांना चिडव, एकदा हात उचलू दे. मी आरोपीचे वकील असताना असले सल्ले कोर्टाच्या जिन्यात ऐकलेत, मी दिले नाहीत पण ऐकलेत.

आणि ती ‘पोरं’. बीएनएस ३(५) म्हणजे समान इराद्याचं कलम, जुनं ३४. ज्याने रॉड मारला आणि जो फक्त नाक्यावर बाईक चालू ठेवून उभा होता दोघांवर तोच गुन्हा. पाच किंवा जास्त जण असतील तर बेकायदेशीर जमावाची कलमं वेगळी. एकोणीस-वीस वर्षांची मुलं असतात हो, कुणी डिलिव्हरी करतं, कुणी पोलीस भरतीची तयारी करतं, मैत्रीखातर येतात आणि एका संध्याकाळीत भरती संपते. त्यांच्या आया मग माझ्याकडे येतात आणि म्हणतात तो तर नुसता उभा होता. आणि तुमचा तो व्हॉट्सॲप ग्रुप असेलच, ‘भावासाठी कायपण’ टाइप, तो पुराव्यात पहिला जाणार, डिलीट करून काही होत नाही, समोरच्या एकाच्या फोनमध्ये असतोच.

काही जण म्हणतील, रागाच्या भरात झालं सांगू, प्रक्षोभ. मुंबईकरांना नानावटी केस माहीतच असते. २७ एप्रिल १९५९, नौदलाचा कमांडर, बायकोने प्रेमसंबंध कबूल केले, त्याने तिच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या. अख्खी मुंबई त्याच्या बाजूने, ज्यूरीने ८ विरुद्ध १ निर्दोष म्हटलं. पण सेशन्स जजला ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात पाठवलं, जन्मठेप झाली, आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. कारण काय, तर कबुली आणि गोळी यांच्यात जवळपास तीन तास गेले होते, बायकामुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, म्हणजे डोकं थंड व्हायला वेळ होता. तीन तास! तुमच्या प्रकरणाला चार महिने झालेत आणि तुम्ही प्लॅनिंग करताय. स्वसंरक्षणही नाही, धोका संपला की तो हक्कही संपतो.

त्या केसमधला एक तुकडा मात्र लोक विसरतात. आहुजाच्या बहिणीने तेव्हा स्वतःचा वकील लावला होता, सरकारी पक्षाला मदत करायला, तरुण राम जेठमलानी. लोक पेढे वाटायच्या मूडमध्ये असताना मेलेल्याच्या बाजूने कुणीतरी रोज कोर्टात बसून होतं. आणि पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी नानावटीला माफी दिली, तीसुद्धा त्या बहिणीची संमती घेतल्यावर. कायद्यात तेव्हा तिला जवळपास काही स्थान नव्हतं, पण ती तिथे होती म्हणून तिला विचारावं लागलं. मला तुम्हाला सांगायचंय ते एवढंच आहे खरं तर, तिथे असा. बाकी सगळं डिटेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, हक्क. तुमची तक्रार अगदीच खोटी नाहीये. खटल्याचं नाव बघा, ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक तमुक’, त्यात तुमच्या भावाचं नावच नाही, तो साक्षीदार क्रमांक एक. आपण काठी सरकारच्या हातात दिली आणि सरकार कित्येक वर्षं विसरून गेलं की काठी कुणाची होती. २००९ पर्यंत आपल्या सीआरपीसीत, म्हणजे प्रक्रियेच्या जुन्या कायद्यात, ‘पीडित’ या शब्दाची व्याख्यासुद्धा नव्हती. त्यानंतर मात्र बरंच बदललंय आणि १ जुलै २०२४ पासून बीएनएसएस आल्यावर आणखी थोडं. फक्त कुणी घरी येऊन सांगत नाही, मागावं लागतं.

तर सगळ्यात आधी जामीन. जामीन म्हणजे सुटका नाही, हे आईला पण समजावून सांगा. चार्जशीट झालं, तपास संपला, आधीचे गुन्हे नाहीत, की कोर्ट जामीन देतं, तुमच्या भावाला दिला असता तसाच. पण तुम्ही लिहिलंय की सुनावणी कधी झाली कळलंच नाही, हे मला खटकलं. २०२२ मध्ये लखीमपूर खेरीच्या प्रकरणात, जगजीत सिंग विरुद्ध आशिष मिश्रा, सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की पीडिताला गुन्हा घडल्यापासून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडायचा हक्क आहे, आणि तिथे पीडितांना नीट ऐकलं नाही हे एक कारण देऊन जामीनच रद्द केला होता. पुढच्या वेळी इंटरव्हेन्शनचा, म्हणजे ‘आमचंही ऐका’ असा अर्ज तयार ठेवायचा.

आणि जामिनाची ऑर्डर काढून वाचा, आजच. ई-कोर्ट्सच्या ॲपवर केसचा सीएनआर नंबर टाकला की ऑर्डर दिसतात बहुतेक वेळा, नाहीतर सर्टिफाइड कॉपीला अर्ज करा. शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या भांडणात कोर्ट बऱ्याचदा अट घालतं की पोलीस स्टेशनच्या हद्दीत यायचं नाही, आणि साक्षीदारांना धमकावायचं नाही ही अट तर जवळजवळ प्रत्येक ऑर्डरमध्ये असते. आता तो हॉर्न आठवा. रोज संध्याकाळी साक्षीदाराच्या दारासमोर येऊन कापलेल्या बोटांचा इशारा करणारा आरोपी म्हणजे जामीन रद्द करायच्या अर्जातला पहिला पॅराग्राफ आहे, तो माणूस स्वतः येऊन तुम्हाला रोज लिहून देतोय. वहीत तारीख, वेळ, गाडी नंबर लिहा. समोरच्या दुकानाचा सीसीटीव्ही लगेच मागा, काही दिवसांत फुटेजवर फुटेज चढतं. मोबाईलवर व्हिडिओ घेताना घरातून घ्या, खाली उतरून शिव्या देत घेऊ नका, नाहीतर तोच व्हिडिओ तो दाखवेल. मग तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय पोलीस स्टेशनमधून बाहेर पडायचं नाही. बोलतो त्याला, असं तोंडी सांगून पाठवतात, चांगले अधिकारीसुद्धा, कारण त्यांच्या टेबलावर तुमच्यासारख्या पन्नास फायली असतात. अर्ज घेत नसतील तर सीनिअर पीआय, मग एसीपी, डीसीपी. कायद्यात ‘पोलीस अधीक्षक’ लिहिलंय, मुंबईत अधीक्षक नसतो, आपल्याकडे परिमंडळाचा डीसीपी. आणि खोटी साक्ष दे म्हणून साक्षीदाराला धमकावणं हा बीएनएस २३२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. पोलीस तो एनसी, म्हणजे अदखलपात्र म्हणून नोंदवायला बघतील, मुंबईत एनसी ही फार आवडती गोष्ट आहे, तुम्ही दखलपात्र म्हणून आग्रह धरा.

भीती खरी असेल, नुसता हॉर्न नाही तर घरी माणूस आला वगैरे, तर २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, महेंद्र चावला केसमध्ये सुप्रीम कोर्टाने लागू केलेली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज जातो, एसीपी धोक्याचा अहवाल देतो, त्यावर संरक्षण ठरतं. प्रत्यक्षात ढिसाळ चालतं, खोटं कशाला बोलू, पण अर्ज केलेला असला तरी आरोपीचा वकील दोनदा विचार करतो.

खटल्यात तुमचा स्वतःचा वकील लावता येतो. पण अपेक्षा नीट ठेवा, तो सरकारी वकिलाच्या हाताखाली काम करणार, स्वतंत्रपणे उलटतपासणी किंवा तोंडी युक्तिवाद करायचा हक्क नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये रेखा मुरारका केसमध्ये म्हटलंय, लेखी युक्तिवाद देता येतो परवानगीने. लोक चिडतात यावर, मी पण चिडायचे. पण पीपीकडे, म्हणजे सरकारी वकिलाकडे, एका दिवशी बोर्डावर किती केसेस असतात बघा कधीतरी, त्याच्या हातात तयार नोट ठेवणारा, साक्षीदार वेळेवर आलाय का बघणारा, मेडिकलचं पान उघडून देणारा कुणी असेल तर केस वेगळी चालते. निकाल विरोधात गेला, निर्दोष सुटले किंवा १०९ उडवून हलक्या कलमात शिक्षा झाली किंवा भरपाई तुटपुंजी दिली, तर अपील तुम्ही स्वतः करू शकता, बीएनएसएस ४१३, आणि २०१८ च्या मल्लिकार्जुन कोडगली निकालानंतर त्याला वेगळी परवानगी पण लागत नाही. फक्त शिक्षा कमी वाटते म्हणून करता येत नाही, ते सरकारच करू शकतं. सरकारला केस मागे घ्यायची झाली तरी नव्या कायद्यात पीडिताला ऐकल्याशिवाय कोर्ट परवानगी देऊ शकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत. याच शहरातली एक केस. ११ नोव्हेंबर २००६ ला लखनभैया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाला पोलिसांनी वाशीतून उचललं आणि वर्सोव्याला ‘एन्काउंटर’ झाला. त्याच्यावर गुन्हे होते, त्यामुळे कुणाला फारसं दुःख नव्हतं, आपल्या शहरात तर एन्काउंटरवाल्यांचे सत्कार व्हायचे, म्हणजे सरकारी सूडच की तो. त्याचा भाऊ वकील. विचार करा, त्या भावाला काय काय करता आलं असतं. त्याने भाऊ उचलला गेल्याचं कळताच वरिष्ठांना तारा केल्या, त्या कागदावरचे टाइम पुढे सगळ्यांच्या गळ्यात आले. मग हायकोर्ट, मग एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक. महत्त्वाचा साक्षीदार साक्ष द्यायच्या काही दिवस आधी २०११ मध्ये गायब झाला आणि मेलेला सापडला. तरी हा थांबला नाही. २०१३ मध्ये २१ जण दोषी, त्यात १३ पोलीस, आणि ज्या बड्या अधिकाऱ्याला तेव्हा सोडलं त्याच्याविरुद्ध सरकारबरोबर याचंही अपील, मार्च २०२४ मध्ये हायकोर्टाने त्यालाही जन्मठेप दिली. सतरा वर्षं. मी ही केस ‘बघा न्याय मिळतो’ म्हणून सांगत नाहीये, साक्षीदाराच्या घरच्यांना काय मिळालं? मी सांगतेय ते तारांबद्दल. रागाच्या सगळ्यात वाईट तासात त्या माणसाने वेळ लिहिलेला कागद तयार केला.

दुसरी बाजूही सांगते नाहीतर अप्रामाणिकपणा होईल. नागपूरला ऑगस्ट २००४ मध्ये कस्तुरबानगरच्या बायकांनी अक्कू यादवला भर कोर्टात ठार मारलं. वर्षानुवर्षं त्याने वस्तीत बलात्कार, खंडणी, मारहाण केली आणि पोलिसांनी तक्रारी झटकल्या. त्या बायका चुकल्या असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, वकील असूनही. पण मनाशी तुलना करताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्यांच्यासाठी दार खरंच बंद होतं, तुमच्यासाठी एफआयआर आहे, मेडिकल आहे, चार्जशीट आहे, तुमचं दार उघडं आहे, फक्त रांग मोठी आहे. आणि दुसरं, त्यांच्यावरही खटला चालला, पुराव्याअभावी सुटायला २०१४ उजाडलं. दहा वर्षं तारखा त्यांनीही मोजल्या, आरोपीच्या पिंजऱ्यातून.

सूडाचं माप कुणी ठरवायचं हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही, तुमच्या भावाची दोन बोटं गेली, मग त्याची दोन? तिघांची मिळून सहा? कोयता एकाने चालवला, दोघांनी धरलं होतं. तुमचे मित्र दोन बोटांवर थांबतील याची गॅरंटी तुम्ही देऊ शकता? एकाने जरा जोरात मारलं की १०३ लागतं, म्हणजे मर्डर. मला आर्थर रोड जेलमध्ये असे लोक भेटलेत ज्यांना ‘फक्त हात मोडायचा होता’.

बरं, पैशाचं. लोकांना हे बोलायला लाज वाटते, बोटांचे पैसे घ्यायचे का म्हणून. घ्यायचे. बीएनएसएस ३९६ खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करा, निकालाची वाट बघायची गरज नाही, अंतरिम मदतही मागता येते, आणि चौकशी दोन महिन्यांत संपवायची असं कायदाच म्हणतो. शिक्षा झाली तर दंडातून वेगळी भरपाई मागायची, २०१३ च्या अंकुश शिवाजी गायकवाड केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की प्रत्येक फौजदारी केसमध्ये कोर्टाने भरपाईचा विचार केलाच पाहिजे आणि का दिली किंवा नाही दिली याची कारणं लिहिली पाहिजेत. पण मागितली नाही तर कोर्ट आपणहून आठवण ठेवेल या भ्रमात राहू नका.

यासाठी सरकारी हॉस्पिटलचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागेल, उपचाराची बिलं, आधीच्या कमाईचं काहीतरी, जीपेचे स्टेटमेंट चालतील, कस्टमरच्या व्हॉट्सॲप ऑर्डरी पण ठेवा.

आणि एक काम तारखेच्या आधी करा. चार्जशीटची कॉपी वकिलामार्फत मागा, मिळते, आणि त्यातला भावाचा जबाब वाचा. माझा अंदाज आहे त्यात कोयता, जागा, वेळ, कोणी धरलं हे सगळं असेल, आणि त्याचं काय गेलं याबद्दल एक ओळ असेल, ‘उजव्या हाताची दोन बोटे तुटली’. भावाला शांतपणे बसवून विचारा, स्क्रूड्रायव्हर धरता येतो का, शिडीवर चढताना काय होतं, शर्टाचं बटण कोण लावतं, भात कुठल्या हाताने खातो आता. तो आधी काही नाही काही नाही म्हणेल. दोन-तीन दिवस लागले तर लागू द्या. मग सगळं लिहून काढा, त्याच्याच शब्दात, आणि तपास अधिकाऱ्याकडे जाऊन पुरवणी जबाब नोंदवायला सांगा. बाईक आली त्या वेळेला तर वही जवळ ठेवा, गाडी नंबर आणि वेळ, बास.